‘दॅन’च्या पुढचं इंग्रजी

‘पुण्याची हवा मुंबईपेक्षा कोरडी आहे.’ या मराठी वाक्यात कोणालाही काही खटकत नाही. आता हेच वाक्य एखादा हुशार विद्यार्थी परदेशी विद्यापीठाच्या अर्जासाठी इंग्रजीत लिहितो: ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज ड्रायर दॅन मुंबई.’ स्पेलिंग बरोबर, ‘ड्राय’चं ‘ड्रायर’ बरोबर, ‘दॅन’ही जागच्या जागी. तरी वाक्य चुकलेलंच आहे, कारण त्यात एका शहराच्या हवामानाची तुलना दुसऱ्या अख्ख्या शहराशी झाली आहे. हवामान कोरडं असतं किंवा दमट असतं. मुंबई शहर कोरडं की ओलं हा वेगळा प्रश्न, आणि जुलै महिन्यात तर तो विचारण्यातही अर्थ नाही.

इंग्रजीत ‘दॅन’च्या अलीकडे जे ठेवलं, त्याच जातीचं काहीतरी पलीकडे ठेवावं लागतं. म्हणून ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज ड्रायर दॅन दॅट ऑफ मुंबई’. हे ‘दॅट ऑफ’ फारच दफ्तरी वाटत असेल तर ‘पुणेज क्लायमेट इज ड्रायर दॅन मुंबईज’ असं लिहावं, म्हणजे दोन्ही शहरांच्या नावांना ॲपॉस्ट्रॉफी आणि एस जोडावा. तिसरा मार्ग वाक्य फिरवण्याचा: ‘पुणे हॅज अ ड्रायर क्लायमेट दॅन मुंबई.’ शहरासमोर शहर आलं, हवामान दोघांच्या मध्ये गेलं, आणि ‘दॅट ऑफ’ची गरजच संपली. मला हा तिसरा मार्ग सगळ्यांत आवडतो. नियम पाळल्याचा आव न आणता तो नियम पाळतो.

शाळेत आपण ‘डिग्री’ शिकतो ती तक्त्याने. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. गुड, बेटर, बेस्ट. तक्ता पाठ होतो, आणि तुलना म्हणजे विशेषणाचं रूप बदलणं अशी समजूत आयुष्यभर चिकटते. पण मराठी माणसांनी लिहिलेले प्रकल्प-अहवाल, शोधनिबंध आणि अर्ज वाचायला घेतले तर विशेषण बहुधा बरोबर निघतं. घोटाळा असतो ‘दॅन’च्या नंतर. ‘द यील्ड ऑफ द न्यू व्हरायटी वॉज हायर दॅन द लोकल व्हरायटी’ हे शेतीच्या शोधनिबंधातलं ठरलेलं वाक्य पाहा. नव्या वाणाचं उत्पादन स्थानिक वाणापेक्षा जास्त, असं मराठीत सहज म्हणता येतं. इंग्रजीत मात्र उत्पादनासमोर उत्पादनच हवं, म्हणजे ‘दॅन दॅट ऑफ द लोकल व्हरायटी’. अनेकवचन असेल तर ‘दॅट’चं ‘दोज’ होतं: ‘द समर्स ऑफ नागपूर आर हॉटर दॅन दोज ऑफ नाशिक.’

मराठीत हे खपतं याला कारण आहे. ‘पेक्षा’ हे शब्दयोगी अव्यय नामाला चिकटतं आणि तिथेच आपलं काम संपवतं. ‘मुंबईपेक्षा’ म्हणजे मुंबईच्या माणसांपेक्षा, भाड्यांपेक्षा की हवेपेक्षा, हे संदर्भावरून ऐकणारा ठरवतो. ‘दॅन’चा स्वभाव असा नाही. त्याच्या मागे एक अख्खं वाक्य दडलेलं असतं आणि त्यातले आधी येऊन गेलेले शब्द तेवढे गाळलेले असतात. ‘इट इज कूलर इन महाबळेश्वर दॅन इन पुणे’ म्हणजे ‘दॅन इट इज इन पुणे’. गाळायचं तर ‘इट इज’ गाळावं. पण ‘इन’ गाळून नुसतं ‘दॅन पुणे’ लिहिलं की वाक्य लंगडतं. ‘हॉटर इन मे दॅन इन डिसेंबर’ इथेही तेच. बोलताना इंग्रज आणि अमेरिकनही हे शब्द सर्रास खातात. लिहिताना, निदान छापायला द्यायचं असेल तेव्हा, ते परत भरून घेतात.

‘दॅन’नंतरची दुसरी चूक तर्काची आहे. कळसूबाई महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, उंची 1646 मीटर. त्याच्या खालोखाल साल्हेर, 1567 मीटर. आता ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्रा’ असं लिहिलं तर काय होतं? महाराष्ट्रातल्या शिखरांत कळसूबाईही आलीच, म्हणजे ती स्वतःपेक्षाही उंच ठरली. म्हणून ‘एनी अदर पीक’. एवढ्याशा ‘अदर’साठी परीक्षक गुण कापतात तेव्हा मुलांना तो छळ वाटतो, पण त्या शब्दावाचून विधान खोटं होतं हे खरंच आहे. गंमत अशी की ‘अदर’ लावायची सवय लागली की तो नको तिथेही लागतो. केरळातलं आनैमुडी 2695 मीटर उंच आहे. त्याबद्दल लिहायचं तर ‘आनैमुडी इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्रा’ हेच बरोबर. इथे ‘अदर’ घातलात तर आनैमुडी उचलून महाराष्ट्रात आणल्यासारखं होईल. तुलना होणारी वस्तू त्या समूहाच्या आत आहे की बाहेर, एवढंच पाहायचं. वर्गातल्या उंच मुलाबद्दल लिहितानाही ‘टॉलर दॅन एनीवन एल्स इन हिज क्लास’. तो ‘एल्स’ म्हणजे ‘अदर’चाच भाऊ.

दहावीच्या ‘डू ॲज डायरेक्टेड’ने पिढ्यान्‌पिढ्यांना एकच वाक्य तीन डिग्र्यांत फिरवायला लावलं आहे: ‘कळसूबाई इज द हायेस्ट’, ‘हायर दॅन एनी अदर’, ‘नो अदर पीक इज ॲज हाय ॲज कळसूबाई’. कंटाळवाणा प्रकार खरा, पण त्यातून एक गोष्ट पक्की कळायला हवी होती, की या तिन्ही वाक्यांत माहिती तीच असते आणि जोर बदलतो. पहिलं शिखराबद्दल बोलतं, तिसरं बाकीच्या सगळ्या शिखरांबद्दल. लेखकाला यातून निवड करता यायला हवी. परीक्षेत निवड कधी विचारलीच जात नाही.

आता विशेषणाच्या रूपाकडे वळू. ‘मोअर बेटर’, ‘मोअर टॉलर’ ही रूपं आपल्याकडे इतकी का ऐकू येतात? मराठी विशेषण तुलनेसाठी जागचं हलत नाही. रमेश उंच, रमेश सुरेशपेक्षा उंच, रमेश सगळ्यांत उंच. ‘उंच’ तिन्ही ठिकाणी उंचच. जोर द्यायचा असेल तर आपण बाहेरून ‘जास्त’ किंवा ‘अधिक’ आणतो. नवशिका आधी ‘टॉल दॅन सुरेश’ लिहितो, मग त्याला ‘टॉलर’ शिकवलं जातं, आणि डोक्यातल्या ‘जास्त’चं ‘मोअर’ काही केल्या जात नाही. दोन्ही एकत्र नांदू लागतात.

नियम थोडक्यात असा. एका सिलेबलच्या शब्दाला ‘अर’ जोडायचा: चीपर, स्लोअर. शेवटी (डब्ल्यू वगळता) एकच व्यंजन आणि त्याआधी एकच स्वर असेल तर ते व्यंजन लिहिताना दुप्पट होतं, म्हणून ‘बिगर’ आणि ‘हॉटर’मध्ये दोन जी, दोन टी; ‘चीपर’मध्ये स्वराची दोन अक्षरं असल्याने पी एकच. दोन सिलेबलच्या शब्दांत शेवट वाय असेल तर त्याचा आय होतो, ‘हॅपिअर’, ‘ईझिअर’. ‘नॅरो’, ‘सिम्पल’, ‘क्लेव्हर’ यांनाही ‘अर’ चालतो. बाकीच्यांना ‘मोअर’. ‘टायर्ड’, ‘बोअरिंग’ असे क्रियापदावरून आलेले शब्द कितीही छोटे असले तरी ‘मोअर’च घेतात. लुईस कॅरलच्या 1865 सालच्या पुस्तकात ॲलिस आश्चर्याच्या भरात ‘क्युरिअस’ला ‘अर’ जोडून मोकळी होते, आणि पोरगी चांगलं इंग्रजी विसरलीच असा शेरा लेखक लगेच मारतो. इंग्रज मुलांनाही हा नियम चकवतो, हे त्यावरून दिसतं.

पण ‘दुहेरी तुलना म्हणजे अडाणीपणा’ असं ठासून सांगणाऱ्यांनी इंग्रजीचा इतिहास जरा पाहावा. शेक्सपिअर दुहेरी रूपं बिनदिक्कत वापरतो. ‘ज्युलिअस सीझर’मधल्या अँटनीच्या गाजलेल्या भाषणातसुद्धा ‘मोस्ट’ आणि ‘एस्ट’ एकाच शब्दाला लागले आहेत. त्या काळी तो जोर देण्याचा रीतसर मार्ग होता. 1762 साली रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूचं छोटं व्याकरण आलं आणि त्यात अशी रूपं अयोग्य ठरली. पुढच्या शालेय व्याकरणांनी तोच धागा धरला. तोवर काही दुहेरी रूपं भाषेत इतकी मुरली होती की ती निघालीच नाहीत. आजचं ‘निअर’ हे मुळात ‘नाय’ या जुन्या शब्दाचं तुलनेचं रूप, म्हणजे ‘अधिक जवळ’. त्याच मालिकेतलं टोकाचं रूप म्हणजे ‘नेक्स्ट’. नंतर ‘निअर’चा अर्थ नुसता ‘जवळ’ असा झाला आणि त्यावर आणखी एक ‘अर’ चढवून ‘निअरर’ तयार झालं. ‘लेसर’चंही तेच. ‘लेस’ स्वतःच तुलनेचं रूप, त्यावर पुन्हा ‘अर’. सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या शब्दकोशात ‘लेसर’ला भ्रष्ट रूप म्हणून झोडपलं होतं. आज ठाण्याच्या खाडीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांतल्या एका जातीचं अधिकृत इंग्रजी नावच ‘लेसर फ्लेमिंगो’ आहे आणि जॉन्सनची आठवण कोणाला येत नाही. तेव्हा ‘मोअर बेटर’ टाळायचं ते आजचा संकेत तसा आहे म्हणून. त्यामागे सनातन तर्क वगैरे काही नाही.

आपणही या बाबतीत धुतल्या तांदळासारखे नाही. तुलनेच्या रूपांना मराठी व्याकरणात तर-तम भाव म्हणतात, तो संस्कृतातून आला. पाणिनीने पाचव्या अध्यायात स्पष्ट सांगितलं आहे की दोघांत तुलना असेल तर ‘तर’ किंवा ‘ईयस्’ लावायचा, आणि अनेकांत सर्वांत वरचा दाखवायचा असेल तर ‘तम’ किंवा ‘इष्ठ’. म्हणजे ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ ही आधीच टोकाची रूपं. तरी आपण ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो, ‘ज्येष्ठतम’ म्हणतो, आणि कोणी पंडित भुवया उंचावत नाही. हा ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ एकाच मुळापासून आलेले आहेत. संस्कृत ‘स्वादिष्ठ’ आणि इंग्रजी ‘स्वीटेस्ट’ हे शब्द धातूपासून प्रत्ययापर्यंत सख्खे नातेवाईक निघतात. ‘गुड’चं अचानक ‘बेटर’ कसं होतं याचं ज्यांना नवल वाटतं, त्यांनी पाणिनीने ‘युवन्’पासून ‘कनिष्ठ’ कसा बसवला ते पाहावं. जास्त वापरातले शब्द दोन्हीकडे असेच वाकडे चालतात.

पाणिनीचा दोघांचा नियम इंग्रजीतही जसाच्या तसा आहे, आणि तो आपण फार मोडतो. दोनच भाऊ असतील तर ‘द टॉलर ऑफ द टू’. ‘टॉलेस्ट’ तिघांपासून पुढे. शिवाय इथे ‘द’ लागतो, जो एरवी ‘टॉलर’च्या आधी लागत नाही. आणि ‘वन ऑफ द बेस्ट’नंतर नाम अनेकवचनीच हवं, ‘स्टुडंट्स’. शिफारसपत्रांत ‘वन ऑफ द बेस्ट स्टुडंट’ हे वाक्य इतकं फिरतं की परदेशातल्या प्रवेश समित्यांना ती भारतीय प्राध्यापकांची मोहोरच वाटत असेल.

लॅटिनमधून आलेल्या शब्दांचा कायदा निराळा. ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’, ‘प्रायर’ ही लॅटिनमधली तुलनेची रूपं इंग्रजीने तयार उचलली. त्यांच्यामागे ‘दॅन’ येत नाही, ‘टू’ येतो. आपण ‘माझ्यापेक्षा वरिष्ठ’ म्हणतो, त्यामुळे ‘सीनिअर दॅन मी’ ओठांवर येतं. लिहायचं ‘ही इज सीनिअर टू मी बाय थ्री इयर्स’. ‘प्रिफर’ हे क्रियापद असलं तरी त्याच पंगतीत बसतं: ‘आय प्रिफर टी टू कॉफी’. ‘एल्डर’ हा अस्सल इंग्रजी शब्द, पण त्याचीही वेगळी तऱ्हा. ‘माय एल्डर ब्रदर’ हे नामाआधी, आणि नातेसंबंधात. ‘दॅन’ आला की ‘ओल्डर’च. ‘ही इज एल्डर दॅन मी’ हे वाक्य भारतात कोट्यवधी लोक बोलतात, पण लिखित इंग्रजीत ते चूकच गणलं जातं.

वर्तमानपत्री मराठीतून येणारी एक लकबही इथेच सांगायला हवी. ‘गेल्या वर्षीच्या तुलनेत यंदा विक्री जास्त झाली’ याचं इंग्रजी होतं ‘सेल्स वेअर हायर ॲज कम्पेअर्ड टू लास्ट इयर’. ‘हायर’ म्हटलं की तुलना झालीच. पुढे नुसता ‘दॅन’ हवा: ‘सेल्स वेअर हायर दिस इयर दॅन लास्ट’. ‘कम्पेअर्ड विथ’ वापरायचं असेल तर ‘अर’ आणि ‘मोअर’ काढून टाकावेत, ‘कम्पेअर्ड विथ लास्ट इयर, सेल्स वेअर हाय’. कंपन्यांचे वार्षिक अहवाल या ‘ॲज कम्पेअर्ड टू’ने खचाखच भरलेले असतात, आणि त्यातला निम्मा मजकूर एका ‘दॅन’ने आटोपला असता.

‘दॅन आय’ की ‘दॅन मी’ हा वाद मात्र मी फार ताणणार नाही. लाउथच्या मते ‘दॅन’ हे उभयान्वयी अव्यय, त्याच्या मागे वाक्य दडलेलं, म्हणून ‘टॉलर दॅन आय’, कारण पूर्ण केलं तर ‘दॅन आय ॲम’. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की कित्येक शतकं लोक ‘दॅन मी’ लिहीत आलेत, तर तेही बरोबर. आजच्या लेखनात दोन्ही चालतं. ‘दॅन आय’ जरा ताठ, ‘दॅन मी’ जरा सैल. अडचण येते ती अर्थाची. ‘शी ट्रस्ट्स द डॉक्टर मोअर दॅन मी’ म्हणजे तिचा माझ्यावर आहे त्याहून डॉक्टरवर जास्त विश्वास, की माझा डॉक्टरवर आहे त्याहून तिचा जास्त? मराठीत भाषांतर केलं तरी सुटका नाही. ‘ती माझ्यापेक्षा डॉक्टरांवर जास्त विश्वास ठेवते’ हेही तितकंच द्व्यर्थी आहे. औषध एकच, क्रियापद परत लिहावं. ‘मोअर दॅन आय डू’ किंवा ‘मोअर दॅन शी ट्रस्ट्स मी’. एखाददुसरा शब्द वाढला तर वाढू द्यावा.

तुलना किती फसवी असते याचा एक विलक्षण नमुना भाषाशास्त्रज्ञांनी शोधून ठेवला आहे. ‘मोअर पीपल हॅव बीन टू लंडन दॅन आय हॅव.’ वाचताना वाक्य अगदी सफाईदार वाटतं. आता अर्थ सांगा. लंडनला गेलेल्या लोकांची संख्या कशाहून जास्त? ‘आय हॅव’मध्ये मोजण्यासारखी संख्याच नाही. वाक्याला अर्थ नाही, आणि तरीही इंग्रजी मातृभाषा असलेले लोक ते ऐकून मान डोलावतात. 1984 साली मारिओ मोंताल्बेत्ती यांच्या प्रबंधात या तऱ्हेचं वाक्य आलं आणि तेव्हापासून ते अभ्यासकांच्या चर्चेत आहे. मराठीत ‘माझ्यापेक्षा जास्त लोक लंडनला गेले आहेत’ म्हटलं की आपण लगेच थबकतो, कारण ‘माझ्यापेक्षा’ सुरुवातीलाच येऊन पायात अडकतं. इंग्रजीत ते शेवटी येतं, आणि तोवर वाचणाऱ्याने वाक्य मनात मंजूर केलेलं असतं.

या क्रमामुळेच तुलनेचा सगळा पदबंध वाक्यात कुठे ठेवायचा हा प्रश्न आपल्याला अवघड जातो. व्याकरणाची पुस्तकं याबद्दल फार बोलत नाहीत, पण खरी गंमत इथे आहे. मराठीत ‘आमच्या घरापेक्षा मोठं घर’ असा सबंध पदबंध नामाच्या आधी उभा राहतो. इंग्रजीत ‘अ बिगर दॅन आवर्स हाउस’ होत नाही. एक तर पदबंध मोडायचा, अर्धा नामाआधी आणि अर्धा नंतर, ‘अ बिगर हाउस दॅन आवर्स’. नाहीतर सगळाच नामामागे न्यायचा, ‘अ हाउस बिगर दॅन आवर्स’. दोन्ही शुद्ध आणि अर्थ तोच, असं वाटतं. पण घराच्या जागी माणूस ठेवून पाहा. ‘अ मॅन टॉलर दॅन माय मदर’, माझ्या आईपेक्षा उंच पुरुष, ठीक. ‘अ टॉलर मॅन दॅन माय मदर’ म्हटलं की आईही पुरुषांच्या रांगेत जाऊन उभी राहते. मोडलेल्या पदबंधात ‘दॅन’नंतरची व्यक्ती त्या नामाच्या वर्गातलीच आहे असं इंग्रजी गृहीत धरतं. जोन ब्रेस्नन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1973च्या आपल्या निबंधात हा फरक आईचंच उदाहरण घेऊन दाखवला. तो बहुतेक इंग्रजी भाषकांना कानाने कळतो, सांगता येत नाही. आपल्याला कान उसना आहे, म्हणून वर्ग जुळतो का ते पाहावं. जुळत नसेल तर सगळा पदबंध नामामागे न्यावा.

अख्खा पदबंध नामाआधी आणायची इंग्रजीत एक सोय आहे, ती हायफनची. ‘अ बेटर-दॅन-एक्स्पेक्टेड रिझल्ट’. वर्तमानपत्रांना ती प्रिय. पण आपला हवामान विभाग पावसाबद्दल लिहिताना ‘हायर-दॅन-नॉर्मल’च्या नादी न लागता ‘अबव्ह नॉर्मल’ म्हणतो, आणि ते जास्त सुबक आहे. समानता दाखवायची असेल तर क्रम आणखी विचित्र होतो: ‘ॲज बिग अ हाउस ॲज आवर्स’. विशेषण आधी, मग ‘अ’, मग नाम. आणि ‘ॲज गुड ऑर बेटर दॅन’ या घाईच्या लेखनात दुसरा ‘ॲज’ हरवतो. ‘ॲज गुड ॲज, ऑर बेटर दॅन’ असं स्वल्पविरामांसह लिहावं. ते अवजड वाटलं तर ‘ॲट लीस्ट ॲज गुड ॲज’ लिहून मोकळं व्हावं.

‘मोअर’ पदबंधाच्या तोंडाशी आला की आणखी एक पेच पडतो. ‘वी नीड मोअर क्वालिफाइड टीचर्स.’ पात्र शिक्षक आणखी हवेत, की आहेत त्यांच्याहून जास्त पात्रतेचे हवेत? शाळेच्या ठरावात हे वाक्य असेल तर एका अर्थाने नवी भरती होते, दुसऱ्या अर्थाने जुन्यांची नोकरी धोक्यात येते. संख्येबद्दल बोलायचं असेल तर ‘अ लार्जर नंबर ऑफ क्वालिफाइड टीचर्स’, पात्रतेबद्दल असेल तर ‘टीचर्स हू आर बेटर क्वालिफाइड’. मराठीत ‘आणखी’ आणि ‘अधिक’ असे दोन शब्द आहेत, तरी आपण दोन्हीसाठी ‘अधिक’च वापरतो आणि तोच पेच स्वतःवर ओढवून घेतो.

संख्येचं निघालंच आहे तर ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’, न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’, हा नियम म्हणून सांगितला जातो. 1770 साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने तो फक्त आपली पसंती म्हणून सुचवला होता. त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, आल्फ्रेड राजाच्या लेखनात ‘शब्दां’सोबत ‘लेस’ आलेला आहे. तरी लोक या नियमावर हमरीतुमरीवर येतात. ब्रिटनमधल्या टेस्को दुकानांनी 2008 साली ‘10 आयटम्स ऑर लेस’ ही पाटी बदलून ‘अप टू 10 आयटम्स’ केली, म्हणजे भांडणारे दोन्ही पक्ष गप्प. औपचारिक लेखनात ‘फ्यूअर स्टुडंट्स’, ‘लेस टाइम’ पाळावं हे बरं. पण पैसे, अंतर आणि कालावधी ही एकत्रित मापं मानली जातात, म्हणून ‘लेस दॅन 500 रुपीज’, ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’. तिथे ‘फ्यूअर’ घालणारा माणूस नियमापेक्षा शहाणा व्हायला निघालेला असतो.

खरा धोका पटीत आहे. पूर्वी 100 अर्ज आले, आता ‘थ्री टाइम्स मोअर’ आले, तर एकूण किती? काही वाचक 300 म्हणतील, काही 100 अधिक 300 असं धरून 400. ‘थ्री टाइम्स ॲज मेनी ॲज’ लिहिलं तर 300 आणि वाद नाही. मराठीत ‘तिप्पट’ म्हटलं की 300च, पण ‘तीन पट जास्त’ म्हटलं की आपणही त्याच चिखलात. ‘थ्री टाइम्स लेस’ तर लिहूच नये. ‘वन थर्ड ॲज मेनी’ आहे की. टक्क्यांचंही असंच. व्याजदर 4 टक्क्यांवरून 5 टक्के झाला तर तो एक टक्क्याने वाढला की 25 टक्क्यांनी? फरक मोजला तर एक ‘पर्सेंटेज पॉइंट’, प्रमाण काढलं तर 25 ‘पर्सेंट’. नुसतं ‘वन पर्सेंट हायर’ लिहिलं तर चारचे 4.04 झाले असाही अर्थ निघतो. ‘अप फ्रॉम 4 पर्सेंट टू 5 पर्सेंट’ असे दोन्ही आकडे वाक्यात ठेवले, की ‘हायर’ही लागत नाही आणि ‘दॅन’ही.